बिनखिडकीची खोली

सिद्रा हॉटेलात राहायची मला अजिबात हौस नव्हती, हे आधीच सांगून टाकते. पुढे ओळखीपाळखीतल्या बायका म्हणायच्या, अगं, एवढं जुनं, नावाजलेलं हॉटेल, आता ते बघायलाही मिळणार नाही, तू नशीबवान. नशीब कसलं डोंबलाचं. मी तिथे राहिले, कारण माझ्या नवऱ्याच्या कंपनीत आमचा वशिला कमी पडला.

मी जानेवारी २००३ मध्ये कुवेतला आले. विठ्ठल, म्हणजे माझा नवरा, मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत एका ठेकेदाराकडे फोरमन होता. फॅमिली व्हिसाची वाट बघण्यात आमची लग्नानंतरची सहा वर्षं गेली होती. फहाहीलला दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला, मी डबे पुसून मांडले, पडदे शिवायला टाकले, आणि तेवढ्यात उत्तरेकडे लढाई होणार असं जो तो बोलू लागला. कंपनीने पुरुषांना प्लँटमधल्या कँपातच मुक्कामाला बसवलं. बायका रिफायनरीच्या आसपास नकोत, म्हणून भारतात जायला विमानात जागा मिळेपर्यंत आम्हाला शहरातल्या हॉटेलांत हलवलं. साहेबलोकांच्या बायका समुद्राकाठी गेल्या. मला मुरगाबमधलं सिद्रा दाखवलं.

मुरगाब म्हणजे शहराचं पोट. शिंपी, घड्याळवाले, मल्याळी चहावाले, फोनची कार्डं विकणारे, आणि शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी तर खांद्याला खांदा लागेल इतकी माणसं. त्या गर्दीच्या मधोमध चार मजल्यांचं हे हॉटेल पन्नास वर्षं उभं होतं. मधे चौक, चौकात बोरीचं मोठं झाड. अरबीत बोरीला सिद्रा म्हणतात, त्यावरून हॉटेलचं नाव. आत जुन्या लाकडाचा जिना, लोखंडी जाळीची लिफ्ट, आणि भिंतीवर मोती काढणाऱ्या गलबतांचे फोटो. दुसऱ्या कुठल्या वेळी गेले असते तर मला ते आवडलंही असतं. पण मी गेले तेव्हा सगळ्या काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या मारलेल्या होत्या आणि खालचा कापडवाला कापड सोडून मीटरवर प्लास्टिक कापून देत होता.

पहिल्याच संध्याकाळी एक माणूस टॉवेल घेऊन दाराशी आला. बुटका, मेंदी लावलेली दाढी, छातीवर पितळी पट्टी. पट्टीवर इंग्रजीत नाव, अशरफ, आणि खाली रूम बॉय. बॉय पंचावन्नच्या पुढचा दिसत होता. मी हिंदीत म्हटलं, रख दो, आणि वळून स्वतःशीच मराठीत पुटपुटले की टॉवेल तरी धड आहेत, बाकी सगळा आनंद आहे.

"बाय चिपलूनकडची काय?" तो म्हणाला.

मी दचकून वळले. तो हसत होता. तो दाभोळचा. खाडीच्या तोंडाशी घर, बाप तारवावर खलाशी. माझं माहेर चिपळूणचं, म्हणजे आम्ही एकाच नदीच्या पाण्याचे. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. त्या दिवसापासून मी त्यांना अशरफभाई म्हणू लागले, आणि ते मला मॅडम म्हणायचं सोडून बाय म्हणू लागले.

अशरफभाई सत्त्याहत्तर साली या हॉटेलच्या लाँड्रीत लागले. पुढच्या वर्षी गावी जाऊन लग्न केलं आणि परत आले. मग दोन वर्षांनी एकदा दोन महिने घरी, असा त्यांचा संसार. बायको खतिजा. मुलगी झरीन, ती झाली तेव्हाही ते इथेच चादरींना इस्त्री मारत होते. खतिजाला आणायचं म्हटलं तर त्यांच्या पगारावर फॅमिली व्हिसा मिळत नाही. हे सगळं ते हातातलं काम न थांबवता सांगत, जसं काही दुसऱ्या कुणाचं चाललंय. मला त्याचा रागच यायचा. माझ्याकडे सहा वर्षांच्या वाटेची केवढी तक्रार होती आणि हा माणूस पंचवीस वर्षांबद्दल चकार शब्द बोलत नव्हता.

पण एका गोष्टीबद्दल ते भरभरून बोलत, ती म्हणजे तळमजल्यावरची लिननची खोली. एकदा मला मुद्दाम दाखवायला घेऊन गेले. लाँड्रीच्या मागे, इमारतीच्या ऐन पोटात, चारी बाजूंनी फळ्या आणि फळ्यांवर घडीच्या चादरी. खिडकी नाही. छताजवळ हवेसाठी एक जाळी तेवढी होती.

नव्वद सालच्या ऑगस्टमध्ये इराकी सैन्य शहरात घुसलं तेव्हा हॉटेलचा मालक बाहेरदेशी होता. त्याची म्हातारी आई मात्र इथेच, चौथ्या मजल्यावर राहत होती. नोकरमाणसं मिळेल त्या वाटेने जॉर्डनकडे पळाली. अशरफभाई राहिले. शिपायांनी झुंबरं नेली, पंखे नेले, गाद्यासुद्धा नेल्या. शेजारच्या इमारतीतल्या दोन तरुण मुलांना रस्त्यावर आणून मारलं. त्या सगळ्या दिवसांत म्हातारी लिननच्या खोलीत, फळ्यांच्या आड. अशरफभाई मळक्या चादरींच्या गाड्यातून तिला जेवण नेत. पुढे थंडीत तिच्या भाच्याने तिला भाजीच्या ट्रकमधून सीमेपलीकडे काढलं. ती आणखी आठ वर्षं जगली आणि आपल्या अंथरुणात गेली.

"ही खोली माज्या वलकीची हाय, बाय," ते जाळीकडे बघत म्हणाले. "बाहेर काय पन होवदे. ही कुनाला मारनार नाय."

मला तिथे उभं राहवत नव्हतं. चादरींना साबणाचा वास येत होता आणि दार लोटल्यावर रस्त्याचा सगळा गलका एकदम बंद झाला. मी काहीतरी बोलून बाहेर आले.

आपल्या आजीला वाचवल्याचा उपकार मालकाचा मुलगा यासिर विसरला नव्हता. बापाच्या मागे हॉटेल त्याच्याकडे आलं, आणि त्याने अशरफभाईंना विचारलं, काय देऊ? यांनी एकच मागितलं. खतिजाला एकदा इथे आणायचंय, तिला हे हॉटेल दाखवायचंय. यासिरने खटपट करून व्हिजिट व्हिसा काढून दिला, राहायला दुसऱ्या मजल्यावरची खोली दिली. या कागदांच्या फेऱ्यांत बरेच महिने गेले. आणि अखेर खतिजाभाभी कुवेतला उतरल्या कधी, तर फेब्रुवारीच्या शेवटी, जेव्हा विमानं इकडून भरून जात होती आणि तिकडून रिकामी येत होती.

अशरफभाई तिला विमानतळावरून घेऊन आले तेव्हा मी चौकातच होते. काळा बुरखा, वर केलेला नकाब, हातात कोकमांची पिशवी, आणि चेहरा असा उजळलेला की मला उगीच गलबलून आलं. ती थेट लिफ्टपाशी गेली, जाळीला हात लावला आणि म्हणाली, "हीच ना ती, तिसऱ्यावर अडकते ती?" जिन्याचा कठडा कुठे सैल आहे, बोरं कुठल्या फांदीला गोड लागतात, सगळं तिला ठाऊक होतं. पंचवीस वर्षं पत्रांतून आणि टेलिफोनवरून नवऱ्याने तिला दुसरं सांगितलं तरी काय असणार? त्या एका हॉटेलाखेरीज त्याच्याकडे काही नव्हतं.

आमचं लगेच जमलं. ती माझ्या खोलीत येऊन बसायची आणि मी तिच्या. तिने घरून हॉर्लिक्सच्या जुन्या बाटलीत लोबान भरून आणलं होतं. दर गुरुवारी, म्हणजे त्यांच्या जुमेरातीला, दिवेलागणीला निखाऱ्यावर लोबान टाकायचं, घरभर धूर फिरवायचा आणि घरचा जो कुणी दर्यात किंवा परदेशात असेल त्याच्या नावाने दुआ मागायची. दाभोळच्या घराघरांत ही रीत. घरातला बाप्या सुखरूप राहतो. तिने आयुष्यात एक जुमेरात चुकवली नव्हती.

"झरीन झाली त्या दिसाव पन माज्या सासूकडून लावून घेतला," ती म्हणाली. "नव्वद साली सात महिने काय खबर नव्हती. जिता हाय का मेला ता कलला नाय. लोक बोलले, खतिजा, आता बस कर. मी बोल्लंय, निखारा इजला तर तो इजल."

मी देवाधर्माची बाई नाही. दुसरं कुणी असतं तर मी थट्टा केली असती. तिच्यापुढे जीभ रेटली नाही.

मार्च उजाडला आणि मुरगाब ओसरू लागलं. आधी शिंपी गेले. मग घड्याळवाल्याने शटरला दोन कुलपं घातली. शुक्रवारी रस्त्यातून चालताना माझ्याच चपलांचा आवाज मला ऐकू येऊ लागला. भोंग्यांची चाचणी व्हायची तेव्हा चौकातल्या चिमण्या एकदम उडून जायच्या आणि बराच वेळ परत यायच्या नाहीत. रेडिओवर सांगायचे की घरातली एक खोली निवडा, प्लास्टिकने आणि चिकटपट्टीने फटी बुजवा, विषारी वायूचा हल्ला झाला तर त्या खोलीत बसा. जो तो एकच शब्द बोलत होता. गॅस. भाजीवालाही कांदे तोलताना तेच बोलायचा.

यासिरने अशरफभाईंना एक गॅसमास्क आणून दिला. एकच मिळाला म्हणाला. तो त्यांनी खतिजाभाभीला दिला. तिने एकदा घालून आरशात बघितलं आणि काढून खुंटीला टांगला. "हा घालून अल्लापुढे गेलंय तर तो मना वलकनार नाय," म्हणाली. आम्ही हसलो. अशरफभाई हसले नाहीत.

झरीनचा दाभोळहून रोज फोन येऊ लागला. अम्मीला परत पाठवा. तिच्या नवऱ्याने मुंबईत कुणाला तरी धरून सोमवारच्या विमानात एक जागा मिळवली होती. एकच. अशरफभाई तिकीट घेऊन आले आणि बायकोपुढे ठेवलं. मी तिथेच होते, उठून जायला हवं होतं, पण खतिजाभाभीने माझा हात धरून ठेवला.

"जा," ते म्हणाले. "माजा काय, मना सवय हाय."

"तुला सवय हाय," ती म्हणाली. "माजा कोन इचारतो? सात महिने तू हयसर व्हतास. तुला दिसत व्हता काय चालला हाय ता. मी तयसर बसून रोज तुला मारला आनि रोज जिता केला. आता मी नाय बसनार तशी. काय व्हयाचा ता तुज्या जवल बसून होवदे."

त्यांनी तिकीट उचललं, दुमडून खिशात ठेवलं, आणि थोड्या वेळाने परत करायला निघून गेले. माझ्या मनात आलं, बरोबर केलं तिने. आजही मला तसंच वाटतं, आणि त्याचाच मला त्रास होतो.

त्या दिवसापासून अशरफभाईंनी लिननची खोली हाती घेतली. कामातला त्यांचा नेटकेपणा हॉटेलात सगळ्यांना ठाऊक होता. त्यांनी घातलेल्या चादरीला सुरकुती सापडायची नाही. तोच हात आता प्लास्टिकवर चालू लागला. भिंती झाल्या, छत झालं. खतिजाभाभीचा मास्क त्यांनी वरच्या खोलीतून आणून इथल्या खुंटीला टांगला. स्टुलावर चढून त्यांनी हवेच्या जाळीवर प्लास्टिकचे पदर लावले आणि चारी कडा रुंद पट्टीने दाबून बसवल्या. दाराची फट राहू नये म्हणून आतली माणसं बसली की पट्टी बाहेरून लावायची, उंबऱ्याशी ओला टॉवेल ठासायचा, आणि धोका टळल्याचा भोंगा झाला की सोडवायची. हे काम त्यांनी स्वतःकडे ठेवलं. दुसऱ्याच्या हातची पट्टी त्यांना पटेना.

मी आत जाऊन बसून बघितलं. पाच मिनिटांत कानशिलं तापली.

"अशरफभाई, इथे श्वास कोंडतो हो."

"कोंडू दे, बाय. हवाच आत येता नये." त्यांनी अंगठ्याने जाळीवरची एक कड पुन्हा दाबली. खतिजाभाभी दारात उभी राहून त्यांचं काम बघत होती. नवऱ्याला काम करताना तिने पहिल्यांदाच पाहिलं असेल. तिच्या चेहऱ्यावर मायाच माया होती.

वीस मार्चला लढाई सुरू झाली. गुरुवार होता. दुपारी पहिला खरा भोंगा वाजला. मी आणि खतिजाभाभी लिननच्या खोलीत बसलो. बाहेरून पट्टी ओढल्याचा आवाज, टॉवेल ठासल्याचा आवाज, मग काही नाही. ती माझा हात धरून पुटपुटत होती. थोड्या वेळाने पट्टी निघाली. अशरफभाईंचा चेहरा घामाने ओला होता आणि ते हसत होते. "बघा," म्हणाले, "सगला बराबर." दुपारभरात असं आणखी एकदा झालं. कुठे तरी समुद्राकडे एक क्षेपणास्त्र पडल्याचं कळलं. त्यात गॅस नव्हता.

संध्याकाळी खतिजाभाभी स्वयंपाकघरात गेली. जुमेरात होती. इतर गुरुवारी ती छोट्या धुपाटण्यापुरते दोन निखारे आणायची. पण त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं, चौकातल्या हुक्क्यांसाठी फुलवलेले कोळसे तसेच होते, आणि आचाऱ्याने घ्या म्हणत लोखंडी शेगडीच भरून दिली. ती खूश झाली. म्हणाली, आज मोठी दुआ मागायची आहे, सगळ्या हॉटेलसाठी. ती शेगडी घेऊन लाँड्रीपर्यंत आली असेल नसेल, तोवर पुन्हा भोंगा झाला.

मी तेव्हा पुढच्या बाजूला, काउंटरपाशी होते. कँपातून विठ्ठलचा फोन आला होता, दिवसभरातला पहिला. आमचं बोलणं होईपर्यंत मॅनेजरने पुढची दारं लावून घेतली आणि आम्हा चार-पाच जणांना काउंटरमागच्या ऑफिसात बसवलं. लाँड्रीकडे काय झालं ते मला नंतर अशरफभाईंनी सांगितलं. खतिजा शेगडी खाली ठेवून आत जात होती. जुमेरातीचा निखारा असा टाकून जाऊ नये, असं तिच्याही मनात होतं आणि त्यांच्याही. त्यांनीच शेगडी उचलून आत ठेवली. दोघांना वाटलं, याहून चांगलं काय. बाहेरून पट्टी, आतून लोबान. तिने हॉर्लिक्सची बाटली उघडून चिमूट टाकली, धूर उठला, आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

मग ते वर गेले. चौथ्या मजल्यावर एक म्हातारा लेबनानी पाहुणा होता, त्याला जिना उतरवत नव्हता आणि लिफ्ट बंद केलेली. त्याला पाठीवर घेऊन अशरफभाई ऑफिसात आले तेव्हा मी विचारलं, भाभी कुठे आहे?

"हाय आत," ते म्हणाले. दम लागला होता, पण चेहरा शांत होता. "लोबान लावलाय तिनं. तिची काय फिकीर नाय."

त्या वेळी धोका टळल्याचा भोंगा लवकर झाला नाही. मधे एकदा होईलसा वाटला, तर तो दुसऱ्या धोक्याचाच निघाला. आम्ही ऑफिसात रेडिओभोवती बसलो होतो. कुणी चहा केला. मला आठवतं, अशरफभाई दोनदा उठून दारापर्यंत गेले आणि परत बसले. नियम त्यांनीच केला होता, भोंगा झाल्याशिवाय पट्टी सोडवायची नाही.

अखेर भोंगा झाला. मी त्यांच्या मागोमाग गेले. त्यांनी पट्टी सोडवली, टॉवेल काढला, दार उघडलं. लोबानाचा गोड, जड वास एकदम अंगावर आला. खतिजाभाभी चादरींच्या फळीला टेकून बसली होती. डोळे मिटलेले, गाल गुलाबी. मला वाटलं, बिचारी दमून झोपली.

"अगो," अशरफभाई म्हणाले. "ऊठ. सुटला."

त्यांनी खांद्याला हात लावला आणि ती कलंडली.

मागून कुणी तरी ओरडलं, गॅस. सगळे पळाले. माणसं एकमेकांना ढकलत बाहेर धावली, ज्यांच्याकडे मास्क होते त्यांनी ते घातले आणि लांब उभे राहिले. त्या खोलीत पाऊल टाकायला कुणी तयार होईना. गॅसमास्क आत खतिजाभाभीच्या डोक्यावरच्या खुंटीला तसाच टांगलेला होता. अशरफभाई एकटे आत गेले, तिला उचललं आणि चौकात बोरीच्या झाडाखाली आणून ठेवलं. मी तिचे तळवे घासत राहिले. ते तिला हाका मारत होते, नाव घेऊन. तोवर त्यांना तिला नावाने हाक मारताना मी कधी ऐकलं नव्हतं.

ॲम्ब्युलन्सचे लोक पायापासून डोक्यापर्यंत झाकून आले. दोघे तिच्यापाशी बसले. तिसरा, एक कुवेती तरुण, सावकाश लिननच्या खोलीत गेला. त्याने शेगडी बघितली, वर जाळीवरचं प्लास्टिक बघितलं, आणि तोंडावरचा मास्क काढून हातात घेतला. परत येऊन मॅनेजरला अरबीत हळू आवाजात काही बोलला. मॅनेजरने ते अशरफभाईंना सांगायला तोंड उघडलं, पण त्याला बोलवेना. तेव्हा त्या तरुणानेच मोडक्या हिंदीत सांगितलं. कोयला. बंद कमरा. हर साल सर्दी में होता है, टेंट में. गॅस नहीं है, बाबा.

अशरफभाई म्हणाले, "ती शेगडी मी ठेवली."

खतिजाभाभीला शुक्रवारी सुलैबिखातच्या कबरस्तानात पुरलं. त्या दिवसांत दाभोळला न्यायचा प्रश्नच नव्हता. झरीनला फोन मी केला. तिने काय काय म्हटलं ते मी इथे लिहिणार नाही. तिचा हक्क होता.

मी भारतात गेलेच नाही. माझी जागा मिळेपर्यंत लढाई उत्तरेकडे सरकली होती आणि विठ्ठल मला फहाहीलला घेऊन गेला. महिन्या-दोन महिन्यांत मुरगाब पुन्हा गजबजलं. शिंपी परत आले, कापडवाल्याने उरलेलं प्लास्टिक मागे टाकून परत कापड मांडलं, आणि हॉटेलात पत्रकार नि ठेकेदार यांची इतकी गर्दी की खोली मिळेना. मला त्या गर्दीचा संताप यायचा. अशरफभाईंनी काम सोडलं नाही. लिननच्या खोलीचं प्लास्टिक त्यांनी स्वतः काढलं, आणि चादरी चौथ्या मजल्यावर हलवल्या. म्हणजे प्रत्येक चादरीसाठी चार जिने. दर शुक्रवारी ते बसने सुलैबिखातला जात.

दोन हजार सहामध्ये यासिरने हॉटेल विकलं. तिथे उंच टॉवर होणार होता. नोकरी गेली की इथला राहण्याचा परवाना जातो, इथे हा एकच कायदा आहे. यासिरने दुसरीकडे लावून द्यायची खटपट केली, पण साठीला आलेल्या रूम बॉयला कोण ठेवणार? अशरफभाईंनी मला फोन करून बोलावलं. मी गेले तेव्हा चौकातली बोर आधीच तोडलेली होती. ते लॉबीत आपल्या बॅगेवर बसले होते. छातीवरची पितळी पट्टी काढलेली, शर्टावर तेवढा गडद चौकोन राहिला होता.

"पंचवीस वर्सां ती तयसर नि मी हयसर," ते म्हणाले. "आता मी तयसर नि ती हयसर. आमचा काय जमला नाय, बाय."

मी रडले. ते रडले नाहीत. बॅगेतून त्यांनी हॉर्लिक्सची बाटली काढली. तळाशी थोडं लोबान होतं.

"कबरस्तानात लावू देत नाय. मी हाटेलात मागल्या आंगनात लावायचो. आता दाभोलातून लावीन, पन घरचा मानूस परदेशात, तर..." ते थांबले. "ता पोचता का नाय मना म्हायत नाय. तुमी हयसर हात. जुमेरातीला एक चिमूट टाकाल? तिच्या नावानं. दुआ नाय आली तरी चालल."

मी हो म्हटलं.

"आनि बाय," ते उठता उठता म्हणाले, "उघड्यावर."

ती बाटली केव्हाच संपली. आता मी मुबारकियाच्या बाजारातून लोबान आणते आणि त्याच बाटलीत भरते. गुरुवारी दिवे लागायच्या वेळी आमच्या बाल्कनीत एका वाटीत एकच निखारा ठेवते, चिमूट टाकते आणि बसते. दुआ मला येत नाही. मी नुसतं खतिजाभाभी म्हणते. फ्लॅटच्या सगळ्या खिडक्या उघड्या असतात, जून-जुलैच्या आगीतही. विठ्ठल कामावरून येतो, एसीची हवा बाहेर जाते म्हणून कुरकुरतो आणि सवयीने बाल्कनीचं दार ओढून घेतो. मी उठते आणि ते पुन्हा उघडते.